चिपी ते लातूर, हवेतून

भूगोलाच्या पुस्तकात दोन स्थळांमधील अंतर किलोमीटरमध्ये दिलेले असते आणि ते कोणाच्याही लेकीसुनेसाठी कमीजास्त होत नाही. आमच्या आडवेळ गावी मात्र अंतर मोजण्याची जी रीत परंपरेने चालत आलेली आहे, ती कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात आढळत नाही. ती रीत आधी विदित केल्यावाचून माझी पुतणी अक्षया हिच्या विवाहाचे प्रकरण वाचकांस उमगणार नाही. सबब ती प्रथम कथन करतो.

आडवेळ हे गाव मालवण तालुक्यात, तोंडवलीच्या अलीकडे, खाडीला पाठ करून वसलेले आहे. आमची ग्रामदेवी पावणाई. ही देवी स्वतः माहेरवाशीण असून, कोणतीही लेक सासरी भांडण झाल्यावर येते तद्वत ती वर्षातून एकदा आगाऊ वर्दी न देता माहेरी येते अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तिच्या उत्सवास तिथी नाही. भातकापणी आणि मळणी आटोपली, की कोणत्यातरी दिवशी सूर्योदयास गावाचे मानकरी देवळात जमतात. गुरव देवीच्या पाषाणास दोन्ही अंगांस ओल्या पाकळ्या लावतो. मुख्य मानकरी भाई हे गाऱ्हाणे घालून विचारतात, की बाई, तू आज येतेस काय? उजवी पाकळी पडली तर होकार. डावी पडली तर नकार, आणि मग भाई तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा घालतात. देवीस प्रथम प्रश्न नीट कळला नसावा, असे अशा वेळी मानण्यात येते.

होकार मिळाला की त्याच दिवशी दिवेलागणीपूर्वी गावच्या झाडून सगळ्या परणलेल्या लेकींनी येऊन देवीची ओटी भरायची. देवी माहेरी आलेली असताना तिच्या मैत्रिणी गावात नसाव्यात हे तिला खपत नाही. सकाळी कौल, संध्याकाळी ओटी. या दोहोंच्या मध्ये जी लेक पोहोचू शकेल, तिचे सासर ‘कौलाच्या पल्ल्यात’ आणि बाकीची पृथ्वी पल्ल्याबाहेर.

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले ही गावे अर्थातच पल्ल्यात होती. इन्सुलीही होती, माझी वहिनी सावित्री तिकडचीच. गोवा पल्ल्यात होता. मुंबई मात्र पुष्कळ वर्षे पल्ल्याबाहेर होती. कोकणात रेल्वे आल्यावर मानकऱ्यांनी देवळात बैठक घेतली, पुष्कळ विडे खाल्ले आणि मुंबईस आत घेतले. तेव्हापासून मुंबई आम्हांस जवळ आहे. मुंबईस हे अद्याप ठाऊक नसावे.

आता या रीतीतील दंड. ज्या घरची लेक ओटीस पोहोचली नाही, त्या घराचा मान रांगेच्या शेवटी जातो आणि मागची घरे एकेक पायरी पुढे सरकतात. पहिल्या ओटीचा मान माझे थोरले बंधू शिवा यांच्या घराचा, म्हणजे आमचा. दुसरा मान भाईंच्या घराचा. भाईंचे घर दुसऱ्या जागेवर तीन पिढ्या उभे आहे आणि भाईंचे पाय आता दुखू लागले आहेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अक्षया ही माझ्या बंधूंची एकुलती कन्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ती कंत्राटावर काजूची कलमे बांधण्याचे काम करीत असे. तेथे लातूरहून ओंकार नावाचा एक युवक प्रशिक्षणास आला. त्याची स्वतःची रोपवाटिका असून लातूरच्या मातीत काजू रुजेल काय, हे पाहण्याची त्याला जिज्ञासा होती. काजू रुजला नाही. परंतु कलम बांधताना दोन फांद्यांच्या साली सोलून त्या परस्परांस घट्ट आवळून ठेवाव्या लागतात, आणि असे काम दोन तरुण माणसांनी पंधरवडाभर शेजारी बसून केले असता जे व्हायचे ते झाले.

अक्षयेने घरी सांगितले तेव्हा बंधू जाळे दुरुस्त करीत होते.

“लातूर?” त्यांनी विचारले. “थंय समुद्र आसा?”

“नाय, बाबा.”

“खाडी?”

“नाय.”

“मगे लोक दिवसभर करतत तरी काय?”

“शेती करतत. तुमी पण करतास.”

“मी शेती करतंय आणि समुद्राकडे बगतंय. ते खंय बगतले?” एवढे बोलून त्यांनी सुई जाळ्यात खुपसली. “ता मरांदे. ओटीक तू येतलंस कशी? लातूरसून येवक अख्खो दिवस लागतलो. तू घाटात असतानाच हयसर दिवे लागतले. आणि पयलो मान जातलो भाईच्या घराक. माझ्या बापाशीन मरताना माका काय सांगल्यान म्हायती आसा?”

“मान सांभाळ.”

“होय.”

“आजोबांका मरताना दुसरा कायच आठवूक नाय?” अक्षया म्हणाली. “आजीचा नावसुद्धा?”

बंधूंनी जाळे गुंडाळून ठेवले. ते उठून समुद्राकडे बघावयास गेले.

माझे बंधू हट्टी नाहीत, भाविक आहेत. हट्टी माणसाशी वाद घालता येतो. त्यांनी कन्येस स्पष्ट सांगितले, की मानकऱ्यांच्या बैठकीने लातूर पल्ल्यात घेतले तर माझी ना नाही. अन्यथा ओंकारला एक काजूची पिशवी दे आणि निरोप दे. अक्षयेचे सर्वस्व अशा रीतीने सहा पानतंबाखू खाणाऱ्या वृद्धांच्या हाती गेले.

बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. अक्षया मोबाइल घेऊन उभी राहिली. बैठकीत स्त्रियांनी बोलण्याची प्रथा नाही, परंतु वाचून दाखवण्यास मनाई असल्याचे कोणास आठवले नाही. तिने एका पृष्ठावरील मजकूर शुद्ध मराठीत वाचला: सिंधुदुर्ग विमानतळ ते लातूर विमानतळ, सरळ रेषेत अंतर चारशे किलोमीटरहून किंचित अधिक, विमानप्रवासाचा कालावधी, सुमारे एक तास.

चिपीच्या माळावर विमानतळ झाल्यापासून आमच्या गावात त्याविषयी फार अभिमान आहे. आमच्यापैकी कोणी त्यातून कोठे गेलेले नाही, परंतु ते आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपल्या डोक्यावरून विमान जाते, याचे समाधान काही निराळेच असते.

“एक तास?” भाई म्हणाले. “परत वाच.”

अक्षयेने परत वाचले.

“अरे, एका तासात आमी मालवणच्या बाजारात पोचनव नाय. वाटेत म्हशी असतत.” भाईंनी उपस्थितांकडे पाहिले. “मुंबयक रात्रभर लागता, ती आमी पल्ल्यात घेतली. आणि लातूर एका तासार! ह्या तर कुडाळापेक्षा जवळ आसा. आमका कोणी कळवूक कसा नाय?”

“पण भाई,” एक मानकरी म्हणाले, “इमानाचो खर्च—”

“तेचो घोव देतलो. लगीन कित्याक करतत मगे?”

वाचकहो, ते विमान प्रत्यक्षात जाते काय, हा साधा प्रश्न त्या सभेत एकाही मुखातून बाहेर पडला नाही. प्रवासाचा कालावधी छापलेला आहे त्या अर्थी प्रवास असणारच, असे सर्वांनी गृहीत धरले. शिवाय आपल्याच विमानतळाविषयी अशी शंका घेणे म्हणजे सोयऱ्यांच्या घरी जाऊन तुमच्या विहिरीला पाणी आहे काय, असे विचारण्यासारखे झाले असते. आणि भाईंचा उत्साह तर असा होता, की जणू लातूरला तेच नांदावयास निघाले आहेत. त्यांचे मनोगत ओळखण्यास मोठी विद्वत्ता नको. लेक लातूरला गेली, की आज ना उद्या एखाद्या वर्षी ती ओटी चुकणार. विमान असले तरी चुकणार. आणि त्या दिवशी पहिला मान भाईंच्या घरी चालत येणार.

“लातूर पल्ल्यात!” भाईंनी निर्णय दिला, आणि बंधूंनी देवीस हात जोडले.

देवळाच्या पायऱ्या उतरताना मी अक्षयेस गाठले. “इमान खंयच्या वेळाक सुटता गो?”

“खंयचा इमान, काका?”

“लातूरचा.”

“लातूरचा इमान आसा असा मी म्हटलंय?” ती म्हणाली. “मी अंतर वाचलंय. तास वाचलंय. इमान आसा असा त्येच्यार खंयच लिवलेला नाय.”

“मगे तू बैठकीक—”

“आधी होय म्हणांदेत. मगे बगूया.”

शब्दन्‌शब्द पाहता मुलगी सत्यच बोलली होती.

साखरपुडा आमच्या खळ्यात ठरला. मालवणचा मांडववाला विनीत याने आदल्या दिवशी येऊन खांब रोवले आणि वर झालरीचे कापड ताणले. लातूरची मंडळी सकाळी येणार होती. सकाळ झाली, पाहुणे आले नाहीत. दुपार झाली. बंधू अधूनमधून खळ्याच्या कडेला जाऊन आकाशाकडे पाहू लागले. त्यांचे पाहून भाई पाहू लागले, आणि भाईंचे पाहून अख्खे गाव. घारीसुद्धा त्या दिवशी फार बारकाईने न्याहाळल्या गेल्या.

“लेट झाला वाटता,” बंधू म्हणाले.

“वाऱ्यान झाला असात,” भाई म्हणाले. “इमानाक उलटो वारो लागलो तर वेळ जाता. होडयेचा तसाच आसा.”

उन्हे कलताना आकाशातून नव्हे, तर वाडीच्या चढणीवरून एक जीप आली. तिचा मूळ रंग तांबड्या धुळीखाली दिसत नव्हता. तिच्यातून एकामागून एक लातूरची माणसे उतरली व खाली उतरताच जमिनीला धरून बसली. शेवटी ओंकारचे मामा नागनाथराव उतरले. त्यांच्या एका हातात अर्धे लिंबू व दुसऱ्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. घाटाने त्यांचे काय केले, हे त्या पिशवीवरून कोणासही समजले असते.

बंधू सामोरे गेले. नागनाथरावांनी रामराम केला नाही.

“पाव्हनं,” ते म्हणाले, “इमान कुठाय तुमचं?”

“आमचा?” बंधू चकित झाले. “तुमचा खंय आसा?”

“आमचं कुठलं? आमाला वाटलं, तुमच्याकडनं सुटतंय.”

“आमका वाटला, तुमच्याकडसून सुटता.”



“काय सांगू लालाव तुमी!” नागनाथराव म्हणाले. “आमच्या भावकीत पोरगी लांबची नको म्हनून किती भांडनं! मीच सांगितलं समद्यांला, का आरं, तासाभराचा रस्ता हाय, सकाळी जाऊन मासं खाऊन दुपारला माघारी. आन् काल तिकिटाची चौकशी केली, तर त्यो मानूस हसाया लागला. नुसता हसतोय. मंग म्हनलं, तुमच्या बाजूनं असंल. काढली जीप. पहाटेच्या आधीपसनं बसलोय, पाव्हनं, माझी आतडी घाटात ऱ्हायली.”

बंधू हळूहळू अक्षयेकडे वळले. ती हिरव्या साडीत पाटावर बसली होती. “इमान नाय?”

“नाय, बाबा.”

“तू वाचलंस तो तास?”

“तो खरो आसा.”

“आगं बाई,” नागनाथराव मध्ये पडले, “तास हाय आन् इमान न्हाई? मंग त्यो तास मोजला कुनी? कोन बसलं होतं त्यात?”

“कोणी नाही, मामा,” अक्षया पाहुण्यांशी शुद्ध भाषेत बोलली. “हिशोब केलेला आहे. विमान जर गेलं, तर एक तास लागेल.”

“जर गेलं तर!” नागनाथराव ओंकारकडे वळले. “जर मी इमान आसतो, तर मीबी तासात आलो आसतो, लेका!”

ओंकार जीपच्या चाकाशी बसला होता. त्याने मान वर करून फक्त अक्षयेकडे पाहिले. तीही त्याच्याकडेच पाहत होती.

बंधूंनी साखरेचे ताट उचलले. “सोयरीक होवची नाय. लातूर पल्ल्याभायर आसा. पाव्हण्यांनू, जेवा आणि मगे जावा. माझी चूक झाली.”

“थांब शिवा!” भाई कडाडले. “बैठकीन शब्द दिलो हा. देवीसमोर दिलो हा. तो मोडूचो नाय.”

“पण इमान नाय, भाई!”

“देवीक इमान कित्याक होया? देवी खंय एसटीन येता? ती हवेतसून येता. तेच्या हिशोबान लातूर तासाभराचा. पल्लो देवीच्या मापान धरूचो, तुझ्या मापान नाय.”

“देवी येतली हवेतसून. माझा चेडू कसा येतला?”

“ता तुझा तू बग,” भाई म्हणाले, आणि त्यांच्या मुखावर जे समाधान पसरले, ते लपवण्यास त्यांची मिशी अपुरी पडली.

आता माझ्या बंधूंची अवस्था काय वर्णावी? एका बाजूस दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूस मरणाऱ्या बापाचा मान, आणि मध्ये हातात साखरेचे ताट. ते ताट घेऊन घरात निघाले. दारात सावित्रीवहिनी उभ्या होत्या.

“ताट खाली ठेवा.”

“बाजूक हो.”

“होवचंय नाय. चेडवाक तिकडे पाटार बसवन तुमी खंय चाललास? मान घेवन काय करतलास? पेजेत घालतलास?”

“सावित्री, तुका कळणा नाय—”

“माका बावीस वर्सा कळता हा.”

याच सुमारास मांडववाला विनीत हा मांडवाच्या कोपऱ्यातून पुढे आला. तो आमच्या गावचा नाही. त्याचे दुकान मालवणात आहे आणि लग्नसराईत त्याला कोणाच्या खळ्यात रडारड चालली आहे याकडे लक्ष देण्यास वेळ नसतो. त्याने भाईंस हाक मारली.

“भाई, एक इचारूचा होता. खांब काढू की ठेवू?”

“कसले खांब? बगतंस मा हय काय चल्ला हा ता!”

“नाय, म्हणजे, बुधवारी देवीचा आसाच मा? परत मालवणसून कित्याक हाडू? हेच देवळाकडे नेतंय. माझा भाडा वाचात, तुमचा पण वाचात.”



“बुधवारी?” अक्षया पाटावरून उठली. उपवर मुलीने साखरपुड्याच्या पाटावरून उठू नये, परंतु ती उठली. “बुधवार कोणी सांगल्यान तुका?”

“भाईन,” विनीत निष्पापपणे म्हणाला. “गेल्या म्हयन्यात. स्पीकरवाल्याक पण तेवांच सांगलो. लग्नाचे दिवस मा? आगाऊ सांगूक नाय तर मांडव गावतलो कसो?”

“तो... अंदाज,” भाई म्हणाले.

“पण भाईचो अंदाज म्हणजे काय सांगा!” विनीतने कौतुकाने मान डोलावली. “माझो बापूस होतो तेवांपासून एकदा चुकूक नाय.”

बंधूंनी ताट खाली ठेवले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “देवीच्या आधी मांडववाल्याक कळता?”

“तसा नाय रे शिवा. कौल आपलो खरोच आसता. मी विचारतंय, ती होय म्हणता.”

“आणि नाय म्हटल्यान तर?”

“मगे परत विचारतंय.”

“कितके वेळा?”

“होय म्हणासर,” भाई म्हणाले. “भाडा दिलेला आसता, शिवा.”

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ओटीच्या आदल्या दिवशी मान असलेल्या घराने मासे खायचे नाहीत, असा नियम आहे. ओटी कधी ते ठाऊक नसल्यामुळे माझे बंधू मळणी संपल्यापासून कौल लागेपर्यंत मासळीस शिवतच नाहीत. बाजारातून जाताना ते कोळणींच्या बाजूचा रस्ता टाळतात. समुद्रावर जन्मास आलेला हा पुरुष दरवर्षी महिना-दीड महिना कुळथाच्या पिठीवर काढतो आणि त्या काळात घरात कोणाशी गोड बोलत नाही.

“भाई,” बंधू अत्यंत सावकाश म्हणाले, “तू ह्या दिवसांत काय खातंस?”

भाई वर झालरीकडे पाहू लागले. परंतु त्यांचे जावई मांडवात होते आणि ते वेळेचे भान नसलेले गृहस्थ आहेत. “परवा आमच्याकडे खाडीतल्यो तिसऱ्यो होत्यो,” ते म्हणाले.

बंधू मटकन्‌ ओटीवर बसले. “मी कुळथाची पिठी खातंय,” ते कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले. “लगीन झाल्यापासून. बापूस होतो तेवां तेच्याबरोबर खाय होतंय. आणि ह्येच्याकडे तिसऱ्यो.”

माझे मत विचाराल, तर बंधूंचा देवीवरील विश्वास त्या क्षणी यत्किंचितही ढळला नाही. ढळला तो भाईंवरचा. आणि या दोन विश्वासांमध्ये काही अंतर आहे, हे त्यांना प्रथमच दिसले.

अक्षयेने नेमकी हीच घटका साधली.

“भाईकाका,” ती म्हणाली, “बैठकीचो शब्द मोडूचो नाय, असा तुमीच म्हटल्यात.”

“म्हटलंय.”

“मगे लातूर पल्ल्यात. कौलाआधी जो फोन मांडववाल्याक करतास, त्याच दिवशी एक माका पण करूचो. मी आदल्या सांजेक लातूरसून सुटान आणि सकाळी कौलाक गुरवाच्या आधी देवळात बसान. इमान नको की काय नको.”

भाईंनी आधी बंधूंकडे पाहिले, मग देवळाच्या दिशेने, मग स्वतःच्या दुखऱ्या पायांकडे. मान इतका जवळ आला होता, की त्यांनी मनातल्या मनात त्याचे ताट मांडून ठेवले असावे. आता जो फोन ते करणार होते, तो करणे म्हणजे स्वतःच्या घराला स्वतःच्या हाताने दुसऱ्या जागेवर खिळवून ठेवणे होते.

“ह्या रितीत बसणा नाय,” ते म्हणाले.

“बसवा,” सावित्रीवहिनी दारातून म्हणाल्या. “नाय बसवलात तर दरवर्सा मळणी झाली की मी मालवणात विनीताच्या दुकानात जावन बसान. तो सांगात तो दिवस गावभर सांगान. इन्सुलीक पण सांगान. सगळ्या पंचक्रोशीच्या लेकी कौलाच्या आदल्या दिवशी येवन बसतल्यो. मगे तुमी गाऱ्हाणा घाला, बाई येतंस काय म्हणान.”

“माझो काय इशय नाय हां,” विनीत घाईघाईने म्हणाला. “मी खांबाचा इचारूक आयलंय.”

“खांब रवांदेत रे!” भाई ओरडले. मग बराच वेळ मिशी चावून ते म्हणाले, “करीन फोन. पण मांडववाल्याच्या मागसून. देवस्थानचा काम पयला.”

“मागसून चलात,” अक्षया म्हणाली. “पण त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी.”

नागनाथराव मघापासून लिंबू चोखत हा संवाद ऐकत होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या डोक्यावरून गेला होता. “मला एक सांगा,” ते म्हणाले, “पोरगी देनार का न्हाई? का फिरवू जीप?”

सगळे बंधूंकडे पाहू लागले. बंधू ओटीवर बसूनच होते. त्यांनी विनीतला विचारले, “बुधवार नक्की?”

“नक्की. शुक्रवारी माझो मांडव कणकवलीक आसा.”

बंधूंनी बोटांवर दिवस मोजले. मग मानेनेच ओंकारला बोलावले. तो पोरगा चाकाजवळून उठून आला आणि धुळीने माखलेल्या कपड्यांनिशी त्यांच्यापुढे उभा राहिला.

“रातीची गाडी चलवतंस?”

“चालवतो.”

“घाटात झोप येणा नाय मा?”

“येते,” ओंकार म्हणाला. “पण अक्षया बोलत बसेल.”

“ती बसात,” बंधू म्हणाले. त्यांनी साखरेचे ताट उचलून नागनाथरावांच्या हाती दिले. नागनाथरावांनी ते घेण्यासाठी प्लास्टिकची पिशवी कोठे ठेवावी हे न समजून ती भाईंच्या हातात दिली, आणि भाईंनीही प्रसंगाच्या भरात ती घेतली. मग बंधू पाहुण्यांसाठी शिजलेल्या कोळंबीच्या वासाच्या दिशेने घरात पाहत म्हणाले, “सावित्री, सुंगटा आसत मा? माका पण वाढ. बुधवार लांब आसा.”

अंगठ्या झाल्या. साखर वाटली गेली. भाई पिशवी टाकून, हात धुऊन परत आले आणि मुख्य मानकरी या नात्याने मांडवाच्या मधोमध उभे राहिले. बैठकीच्या निर्णयाचा सर्वांसमक्ष पुनरुच्चार करणे त्यांचे कर्तव्य होते, आणि फोनाचा उल्लेख न करता तो कसा करावा, यासाठी त्यांनी फार विचार केलेला दिसला.

“गाववाल्यांनू,” ते म्हणाले, “लातूर पल्ल्यात आसा. हवेतसून.”

“व्हय महाराजा!” मांडव गरजला.

हे ऐकून पानावर बसलेल्या नागनाथरावांनी आशेने मान वर केली. “मंजी लग्नाच्या येळंला तरी इमान हाय म्हना की?”

“तुमी जीपच आणा,” भाई म्हणाले. “आणि आदल्या दिवशी सुटा.”